बाहीवरचं रक्त

माझा मामेभाऊ इकबाल याने मला फसवून नानांची बंदूक घेतली.

काल शारजात सायकलवाल्याने जुना पंप उघडला आणि तेलात भिजलेल्या चामड्याच्या वायसरचा वास आला. नानांच्या छर्‍याच्या बंदुकीला हाच वास होता. तिच्यात पंप मारून हवा भरताना दंड भरून यायचे. आम्हा दोघा नातवांना नाना म्हणाले होते, "ज्याची पहिली शिकार हलाल होईल, बंदूक त्याची."

रत्नागिरीकडच्या आमच्या काजूच्या बागेत मी होला पाडला. पाखरात जीव असेतोवर बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरली पाहिजे, म्हणून सुरी घेऊन इकबाल पुढे धावला. मी पोचेपर्यंत तो झुडपातून बाहेर आला होता. "आधीच मेला होता रे. मुरदार! दिला फेकून." पुढच्या जुम्म्याला त्याने स्वतःचा होला हलाल करून आणला आणि बंदूक नेली.

तेव्हा मी नशिबाला शिव्या दिल्या. आता दुबईत, देऱ्याच्या बाजारात रोज गिऱ्हाइकांशी घासाघीस करतो. माणूस काय लपवतो ते त्याच्या हातांवरून ओळखतो. काल त्या वासाबरोबर इकबालचे हात आठवले. माझा होला पडला त्याच दिवशी ओढ्यावर तो घाईघाईने सदऱ्याची बाही धूत होता. बाहीवर लाल शिंतोडे होते.

डिस्कव्हरी गार्डन्सला त्याच्या घरी फोन केला. तो हसला. "हबीबी, एका होल्यासाठी अजून भांडतोस?"

हो, भांडतो. जुम्म्याला जेवायला येशील तेव्हा, इकबाल, पहिल्या घासाआधी सांग: मेलेल्या पाखराचं रक्त बाहीवर उडालं कसं?