साहेबाच्या मोटारीतली शेंगांची टरफलं

मागच्या गादीची शिवण उसवली आणि आतून शेंगांची टरफलं सांडली. चांगली ओंजळभर. त्यांच्यामागून विड्यांची थोटकं, लहान मुलीची फुटकी बांगडी, अक्कलकोटच्या मठातल्या अंगाऱ्याची चपटी झालेली पुडी आणि तिकिटांचे दोन तुकडे निघाले. तिकिटावर एका बाजूला मराठी अक्षरं होती, दुसऱ्या बाजूला कानडी.

म्हाळू दुकानाच्या दारात उभा होता. मोटार त्याचीच. तो वाकून बघायला लागला.

“आक्का, सायेब शेंगा खात हुता व्हय?”

“खात आसंल बी,” मी म्हटलं. “पर सोताच्या मोटारीत बसाय तिकीट कोन काडतंय?”

तो हसला. मग त्याचं हसू हळूहळू गेलं.

मी सोलापूरच्या भवानी पेठेत मोटारींच्या गाद्या आणि हूड शिवत होते. हूड म्हणजे मोटारीचं वरचं कापडी छप्पर. त्या काळी बहुतेक मोटारींना तेच असायचं. नवरा टांग्यांचे टप आणि घोड्यांचं सामान शिवायचा. तो गेल्यावर त्याची आरी, मेणाचा दोरा आणि मशीन माझ्याकडे राहिलं. गावात मोटारी वाढत होत्या. टांग्याची गादी जिला शिवता येते तिला मोटारीची अवघड नाही. स्प्रिंगा जास्त असतात एवढंच.

जुनी गादी नवी करायची तर आधी जुनं कापड सगळं काढावं लागतं. आतला काथ्या आणि घोड्याचे केस उन्हात टाकून झोडायचे. स्प्रिंगा नव्या सुतळीनं बांधायच्या. कमी पडेल तिथं गिरणीतला वाया गेलेला कापूस भरायचा. मग वरून नवं रेक्झिन चढवायचं. एका गादीला दोन दिवस जातात आणि नाकातोंडात इतकी धूळ जाते की जेवण कडू लागतं.

म्हाळूला मोटारीत प्रवासी घ्यायचे होते. मधे आणखी एक बाक बसवायचा, म्हणून मागची गादी आखूड करून हवी होती. त्यासाठी तो टांगा स्टँडवर विचारत विचारत माझ्याकडे आला होता. मोटार मी कधी पाहिली नव्हती. पण गादीला हात लावला आणि टाका ओळखला. तो माझा होता.

मी डावरी आहे. मास्तरीणबाईंनी चौथीपर्यंत छडी मारमारून लिहायचा हात उजवा केला. शिवायचा हात डावाच राहिला. त्यामुळं माझा टाका बाकीच्यांच्या उलट कलतो. सोलापुरात मोटारीच्या गाद्यांवर उलटा टाका दुसऱ्या कुणाचा नव्हता.

तीन महिन्यांपूर्वी ह्याच गाद्या, मागची आणि पुढची, हातगाडीवर घालून माझ्याकडे आल्या होत्या. पाठवणारे दिगंबरशेठ. त्यांचं गॅरेज होतं. जुन्या मोटारी घ्यायचे, रंग द्यायचे, विकायचे. माझ्या कामातलं निम्म्याहून जास्त काम त्यांचं असायचं. त्या दिवशी ते स्वतः आले होते.

“गोदाबाई, उसवत बसू नका. जुन्यावरच नवं चढवा. मजुरी पूर्ण देतो.”

मी चढवलं. अर्ध्या कामाची पूर्ण मजुरी मिळत होती. का, ते विचारलं नाही. घरात खाणारी तोंडं चार होती असं मी नंतर लोकांना सांगत असे. ते खरं आहे, पण त्यामुळं विचारलं नाही असं नाही. उत्तर काय येईल त्याचा अंदाज होता, म्हणून विचारलं नाही.

जुन्या कापडाला बोटं जातील एवढ्या फटी होत्या. बसणाऱ्यांच्या हातातलं, कनवटीचं जे पडेल ते त्यातून आत जाऊन बसलेलं. मी त्याच्यावर नवं रेक्झिन ठोकून तोंड शिवून टाकलं होतं.

म्हाळू नातेपुत्याकडचा धनगर. बापानं ठेवलेली मेंढरं विकून त्यानं ही मोटार घेतली होती. मेंढरं एकट्याची नव्हती. भावाचा निम्मा वाटा होता, आणि भाऊ तयार नव्हता. “मेंढरू वितं, तुजी मोटार कवा विनार?” असं तो चारचौघांत म्हणायचा. म्हाळूनं ऐकलं नाही. नातेपुते ते अकलूज मोटार चालवायची, वर्षाभरात मेंढरं परत घ्यायची, असा त्याचा बेत होता. ड्रायव्हरही ठरवला होता. मोटार मात्र थोडा चढ लागला तरी पाणी उकळून थांबायची. एका मिस्त्रीनं इंजिन घासून संपलंय म्हणून सांगितलं होतं. शेठ म्हणाले, ड्रायव्हर नवा आहे, हात बसला की ठीक होईल.

“शेटनी सांगितलं, गिरनीच्या सायबाची हाय,” म्हाळू म्हणाला. “बंगल्यावरनं क्लबात आन् क्लबातनं बंगल्यावर. दुसरीकडं चाकच फिरलं न्हाय म्हनला.”

“ती अक्कलकोटच्या रस्त्याला सर्व्हिस करत हुती,” मी म्हटलं. सर्व्हिस म्हणजे प्रवासी वाहतूक. पाच माणसांच्या मोटारीत दहा बसवायचे. तशी दोन-तीन वर्षं चालली की मोटारीत काही उरत नाही.

“तुला कसं ठावं?”

सांगायचं नसतं तर टरफलं झाडून काम पुढं चालू करता आलं असतं. पण तो गडी माझ्याकडे असा बघत होता की मला कंटाळा आला. स्वतःचाच.

“ही गादी म्याच शिवली हाय. शेटच्या सांगन्यावरनं. आत न बघता.”

त्यानं खाली पडलेलं एक टरफल उचललं. मग म्हणाला, “आक्का, माजा भाऊ मेंढराच्या वाड्यात जाऊन बसतोय रोज. रिकाम्या.”

आम्ही दोघं शेठकडे गेलो. मी टरफलं आणि तिकिटं फडक्यात बांधून नेली होती. शेठनी फडक्याकडे पाहिलंही नाही. टेबलातून कागद काढला.

“वाच.”

“मला वाचाय येत न्हाय.”

“मग गोदाबाई वाचतील. चार यत्ता शिकल्यात.”

मी वाचलं. ‘एका युरोपियन साहेबांच्या खासगी वापरातील मोटार. जशी आहे तशी पाहून घेतली. तक्रार नाही.’ खाली शेठची सही आणि म्हाळूचा अंगठा. असाच दुसरा कागद म्हाळूलाही दिलेला होता.

“पाहून घेतलीस का नाही?” शेठ म्हणाले.

“घेतली की.”

“मग झालं. शेंगांचं म्हणशील तर पंधरा दिवस तूच माणसं भरून फिरतोयस. तुझ्याच पावण्यांनी खाल्ल्या असतील.”

बाहेर आल्यावर म्हाळू म्हणाला, “माजी मोटार नातेपुत्यालाच पोचली न्हाय. पावने कुटनं बसतील?”

कोर्टाच्या बाजूला एक तरुण वकील बसायचे. त्यांच्याकडे गर्दी नव्हती, म्हणून आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि खूश झाले. मला ते आवडलं नाही. माणूस बुडालेला असताना वकील खूश होतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

“हे फार बरं झालं,” ते म्हणाले. “साहेबांची खासगी मोटार असं त्यांनी लिहून दिलंय. तोंडी सांगितलं असतं तर नाकबूल केलं असतं. माल वर्णनाप्रमाणे नसेल तर परत करता येतो. कायदा आहे तसा.”

“पर पाहून घेतली असं बी लिवलंय,” मी म्हटलं.

“तेच त्यांचं हत्यार आहे. पाहून जे दिसलं असतं त्याची तक्रार नंतर करता येत नाही. चाक वाकडं असेल, काच फुटकी असेल, तर ते तुम्ही बघायला हवं होतं. पण शिवून झाकलेलं डोळ्यांना कसं दिसणार? ते मुद्दाम झाकलं एवढं मात्र सिद्ध करावं लागेल.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “ते तुम्हीच सांगू शकता, बाई. दुसरं कुणी नाही.”

मी टरफलांचं फडकं परत बांधायला लागले.

“आणखी एक. फसवणूक कळल्यावरही मोटार वापरली तर ती पसंत आहे असं कोर्ट धरतं. आजपासून एक हातभरही चालवायची नाही. आणि बाई, पुढची गादीही तुम्हीच शिवलीत ना? तिला सुरी लावू नका. आहे तशी राहू द्या.”

मोटार माझ्या दुकानासमोर उभी राहिली. नोटीस गेली, दावा लागला, तारखा पडायला लागल्या. पुढची गादी वकिलांनी लाखेचं सील करून कोर्टात जमा केली. मोटारीखाली शेजारच्यांच्या कोंबड्या बसायला लागल्या. म्हाळू बाजारात पोती उचलून पोट भरायचा आणि संध्याकाळी येऊन मोटार पुसायचा. मी सांगितलं, पुसू नको, परतच द्यायची आहे. तरी पुसायचा.

एके दुपारी शेठ आले. बसले नाहीत.

“कोर्टात उभ्या राहणार म्हणे?”

“समन्स आलंय.”

“आठवत नाही म्हणा. बाईमाणूस आहात, कोण धरणार आहे?”

“मला आठवतंय, शेठ.”

“मग हेही आठवा. गावातल्या चार गॅरेजवाल्यांशी माझं उठणं-बसणं आहे. उद्या तुमच्याकडे चिंधी शिवायलाही कुणी येणार नाही.”

ते गेल्यावर मी दिवसभर काम केलं. कामात लक्ष नव्हतं. सुई दोनदा बोटात गेली. चार तोंडांचा हिशेब मला येत होता, आणि शेठ बोलले ते करतात हेही माहीत होतं. म्हाळूला मी काही सांगितलं नाही. तो मोटार पुसत होता.

साक्षीच्या दिवशी मोटारही कोर्टासमोर आणायची होती. इंजिन चालू करायचं नाही, म्हणून म्हाळूनं कुठूनसे बैल आणले. साहेबाची मोटार बैलांनी ओढत नेली. रस्त्यावरची माणसं हसत होती. “काय पावनं, प्येट्रोल म्हागलं व्हय?” असं एकानं विचारलं. म्हाळूनं मान वर केली नाही.

शेठचे वकील वयस्क होते, आवाज गोड होता.

“बाई, जुन्यावर नवं चढवलं म्हणता. ह्याला तुमच्या धंद्यात चांगलं काम म्हणतात का?”

“न्हाय.”

“मजुरी मात्र पूर्ण घेतलीत?”

“घेतली.”

“म्हणजे खोटं काम करून पूर्ण पैसे घेणाऱ्या बाईच्या शब्दावर कोर्टानं विश्वास ठेवावा?”

“खोटं काम म्याच केलं, म्हनून तर मला ठावं हाय. खरं केलं आसतं तर आतला कचरा तवाच उकिरड्यावर गेला आसता. मग मी हितं कशाला येते?”

मुन्सफसाहेब खाली बघून काहीतरी लिहीत होते. थोडं जास्तच वाकून लिहीत होते.

“तो कचरा नंतर घातला नाही कशावरून?”

तेव्हा आमचे वकील उठले आणि पुढची गादी कोर्टासमोर उघडायची परवानगी मागितली. ती मिळाली. गादी टेबलावर आली. मुन्सफसाहेबांनी सील पाहिलं. मग टाका पाहिला. माझ्या हातात सुई-दोरा आणि कापडाचा तुकडा दिला, चार टाके घालायला सांगितले. मी घातले. उलटे पडले. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले आणि मान हलवली.

इथं एक सांगते. त्या गादीत काय आहे ते मला माहीत नव्हतं. पुढं ड्रायव्हर बसतो. ड्रायव्हर एखादा निर्व्यसनी निघाला असता, तर मी भर कोर्टात नुसता काथ्या उपसत बसले असते, आणि म्हाळूची मेंढरं कायमची गेली असती.

आधी नुसता काथ्याच निघाला. शेठचे वकील खुर्चीत मागं टेकले. म्हाळू दारापाशी उभा होता, तो खाली बसला. मी कोपऱ्यात हात घातला. दोन विड्या. मग काड्याची पेटी. मग बोटांना कागद लागला. जाड, सुतळीनं बांधलेला. तिकिटांची अख्खी चोपडी होती, अर्धी फाडलेली. ड्रायव्हरची असणार, फटीतून आत सरकलेली. वर सोलापूर, अक्कलकोट, आणि मोटारीचा नंबर, शिक्क्यानं मारलेला. बाहेर मोटारीवर तोच नंबर होता. शेठनी रंग बदलला होता, गाद्यांचं कापड बदललं होतं. नंबर सरकारी, तो बदलता आला नव्हता.

शेठचे वकील आपले कागद आवरायला लागले.

निकाल त्याच दिवशी म्हाळूच्या बाजूनं लागला. शेठनी मोटार परत घ्यायची आणि घेतलेली किंमत परत करायची. ते ऐकून म्हाळू रडला वगैरे नाही. बैल दुसऱ्याचे होते, ते संध्याकाळच्या आत परत द्यायचे होते, म्हणून घाईनं निघून गेला.

तोवर मेंढरांचे भाव चढले होते. पहिल्याइतकी आली नाहीत. पण वाडा रिकामा राहिला नाही. पुढच्या वर्षी तो एकदा आला, पोतंभर लोकर घेऊन. “आक्का, गादीत भर,” म्हणाला. मी सांगितलं, पावसाळ्यात वास मारेल. तरी ठेवून गेला. वास मारलाच.

शेठनी दिलेला शब्द पाळला. गॅरेजवाल्यांचं काम बंद झालं. मी परत टांग्यांचे टप शिवायला लागले, त्यात पैसे कमी आणि घोड्यांच्या माश्या जास्त. दोन वर्षांनी मोटारवाले एकेक करून परत आले. मी चांगली म्हणून नव्हे, दुसरं कुणी नव्हतं म्हणून.

जुनी मोटार घ्यायला जाल तर इंजिन मिस्त्रीला बघू द्या. तुम्ही गादीच्या फटीत हात घाला. आणि फट कुठंच सापडली नाही, तर ती कुणी आणि का बुजवली ते विचारा.

मला पुढंही अधूनमधून कुणीतरी म्हणायचं, बाई, उसवत बसू नका, जुन्यावरच नवं चढवा. मी नाही म्हणत नसे. मजुरी दुप्पट सांगायची. एक शिवण्याची, एक कोर्टात उभं राहण्याची. बहुतेक जण गाद्या उचलून परत न्यायचे.