पुसलेली भातं

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मांडवीच्या रस्त्यावरच्या एका टायपिंग क्लासने कॉम्प्युटर घेतला आणि तो चालवायला मला ठेवलं. तिथे एक निवृत्त गुरुजी रोज दुपारी यायचे. गावोगाव हिंडून त्यांनी जुन्या भातांची नावं जमवली होती. मुणगा, वालय, सोरटी. कुठलं कातळावर येतं, कुठलं खाऱ्या पाण्याच्या खाजणात, तेही. ते चिठ्ठ्या वाचायचे, मी इंग्रजी अक्षरांत टाईप करायची. झालेल्या चिठ्ठ्या घरी पाणी तापवायला बंबात जायच्या. "कागदाला वाळवी लागते, बाय. तुझ्या फ्लॉपीला नाही," म्हणायचे.

भाताच्या फाइलींची नावं BHAT ने सुरू व्हायची आणि प्रत्येकीची एक जुनी प्रत शेवटी BAK लागून उरायची. फ्लॉपी भरली, तेव्हा त्या प्रती एकदम पुसायचं मी ठरवलं. नावात चांदणी (*) टाकली की तिच्या जागी काहीही चालतं. लिहायचं होतं BHAT*.BAK. मी घाईत BHAT*.* लिहिलं. सगळी फ्लॉपी पुसायला सांगितली असती तर यंत्राने 'नक्की ना?' विचारलं असतं. सुरुवातीला BHAT होतं, म्हणून काहीच विचारलं नाही. यादी काढली. भाताची एकही फाइल उरली नव्हती. पुसलेलं परत आणायची विद्या तेव्हा आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हती.

तीन वाजता गुरुजी आले. खोटं सांगायचा विचार मनात आला, नाही असं नाही.

"गुरुजी, भाताचं सगळं पुसलं गेलं. माझ्या हातून."

ते पडद्याकडे वळले. मग हळूच म्हणाले, "ज्यांनी ही नावं सांगितली त्यातल्या दोघी आता नाहीत गो."

जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, "रविवारी मोकळी आहेस?"

पुढचे कितीतरी रविवार आम्ही एसटीने गावं पालथी घातली. ते विचारायचे, मी वहीत लिहायची. एका गावात एका म्हातारीने मला जवळ बसवून मूठभर भात हातात दिलं. "नाव इसारलंय. पन वास घे, ह्येचा भात गोड व्हायचा."

निम्मीशीच नावं परत मिळाली. छापील प्रत काढताना गुरुजींनी हरवलेल्या भातांसाठी कोऱ्या ओळी सोडायला लावल्या. खाली माझी चूक लिहू का, असं मी विचारलं.

"नको. तुझं नाव वर घाल, माझ्या नावाशेजारी," ते म्हणाले.

मी घातलं. ती प्रत उघडायला मला अजून धीर होत नाही.