भिंतीला कान लावणारे मामा

आमच्या हिच्या मामांइतका स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास असलेला माणूस सबंध सोलापूर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. नजर अधू होती म्हणून नव्हे. लांबचा सिग्नल त्यांना म्हातारपणीही स्वच्छ दिसे. पण उभा जन्म कुर्डुवाडी जंक्शनवर लांब दांड्याच्या हातोडीनं गाड्यांची चाकं ठोकण्यात गेलेला. चाकाच्या आवाजावरून तडा ओळखायचा आणि मगच गाडी सोडायची. त्यामुळे वाजवून पाहिल्याशिवाय जगातली कुठलीही वस्तू खरी मानायची नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. "डोळं रंगाला भुलत्यात, जावईबापू," ते म्हणत, "कानाला रंग दिसतच न्हाय." कलिंगड काय, सगळेच वाजवून घेतात; मामा पाट, डबे, फार काय नवी चप्पलसुद्धा वाजवून घेत. माझं लग्न ठरताना मी पाया पडायला वाकलो, तर आशीर्वाद द्यायच्या निमित्तानं त्यांनी माझी पाठ दोनदा ठोकली, क्षणभर थांबले आणि घरच्यांना म्हणाले, "भरीव हाय." पुढे माझ्या पगाराची चौकशी कुणी केलीच नाही, हे मात्र बरं झालं.

पंचाहत्तर सालच्या सुमारास मी सोलापूरच्या पेठेतलं एक जुनं दुमजली घर घेतलं. खाली दगड, वर विटा आणि माथ्यावर मातीचं माळवद. अकरा वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढलेल्या मास्तरला ते राजवाड्यासारखं वाटलं. होतं नव्हतं ते त्यात घातलं, आणि भाड्याच्या खोल्यांच्या मालकाला दिवाळीआधी त्या खाली करून देतो म्हणून शब्द दिला. आता घरात मोठं काही निघालं असतं, तर बायको आणि तीन मुली घेऊन कुठं जायचं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ही बातमी कुर्डुवाडीला पोचली आणि दुसऱ्याच दिवशी, कुणी न बोलावता, नुकतेच निवृत्त झालेले मामा एका हातात वळकटी आणि दुसऱ्या हातात ती हातोडी घेऊन पॅसेंजरनं हजर झाले ते आमच्या भाड्याच्या खोल्यांत दोन महिने राहिले.

रोज सकाळी देवपूजा आटोपली की मामा घर वाजवायला घेत. जोती, चौकटी, जिन्याची एकेक पायरी. आमचे गवंडी, ज्यांना सगळी पेठ उस्ताद म्हणे, ते थापी हातात धरून खोळंबून राहत. "मामू, घर है ये, मालगाडी नै," ते कळवळून म्हणत. मामा मान वळवत नसत. "गप ऱ्हावा जरा," एवढंच म्हणत आणि भिंतीला कान लावत. पलीकडे शेजाऱ्यांचे चादरी विणायचे माग दिवसभर खडखडत, त्यामुळे एका भिंतीला कधीकधी अर्धा दिवस लागे.

तिसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी मामा थबकले. "हितं पोकळ हाय. कुणीतरी कोनाडा लिंपलाय." जुन्या घरात लिंपलेला कोनाडा म्हटल्यावर पुरलेल्या धनाखेरीज काय सुचणार. उस्तादांनी थापी खाली ठेवली, ही पदर खोचून पुढे आली, आणि खोटं कशाला बोलू, मीही उद्याचा तास कुणाला द्यावा याचा विचार करू लागलो. मामांनी चार घाव घातले, दगडाच्या पातळ चिपा आत पडल्या आणि पलीकडून उजेड आला. कोनाडा होताच, पण शेजाऱ्यांचा. त्यातली शेंगाचटणीची बरणी जमिनीवर फुटली होती आणि मागवाल्यांच्या आजी कांदा चिरता चिरता त्या भोकातून आमच्याकडे पाहत होत्या. "दारातनं यायचं की, मामा," त्या म्हणाल्या.

उस्ताद हसले आणि माझा तोल गेला. "पुरे झालं, मामा," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "ठेवा ती हातोडी. हे काम गवंड्याचं आहे, तुमचं नाही." मामांनी हातोडी दाराआड ठेवली आणि दोन दिवस पलीकडे बसून ते भोक स्वतःच्या हातानं बुजवलं. आजींनी त्यांना दोन्ही दिवस भाकरी वाढली. त्यानंतर घरात ठोकण्याचा आवाज आला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही कबूल करतो.

दिवाळीला आठवडा उरला. वरच्या खोलीत, जिथं मुली निजणार होत्या, तिथली तुळई उस्तादांनी पसंत केली होती; तिला तेलरंगही लागला होता. मुलींच्या गाद्या येऊन पडल्या होत्या. मामा दारात घुटमळले. "जावईबापू, तेवढी तुळई ऐकू द्या की. मागांच्या आवाजात मला नीट कळलीच न्हाय ती."

"रंग झालाय, मामा," मी म्हणालो.

मामांनी दाराआडची हातोडी उचलली. ते शेजारी गेले. आजींशी काय बोलले ठाऊक नाही, पण भर दुपारी सगळे माग थांबले. लोक काय झालं म्हणून दारात आले. मामा शिडीवर चढले. तुळईवर एक ठोका, मधे एक, आणि भिंतीत शिरणाऱ्या टोकाशी एक. तो शेवटचा आवाज माझ्यासारख्या बहिऱ्यालाही कळला. दाण्यांनी भरलेलं मडकं वाजवावं तसा.

"मेलीया," मामा म्हणाले.

उस्ताद स्वतः चढले आणि पटाशी लावली. ती मुठीपर्यंत आत गेली, आणि वाळवीचा भुगा भसाभसा खालच्या गाद्यांवर पडला. उस्ताद उतरले, त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं कोपऱ्यातली खाट झटकली आणि म्हणाले, "बैठो, मामू." मी तिथंच भिंतीला टेकून उभा राहिलो.

तुळई बदलली. वसुबारसेला आम्ही राहायला गेलो. मामांना म्हटलं, आता इथंच राहा. ते म्हणाले, "चाकं बघणारा गाडीत बसत न्हाय, जावईबापू. गाडी सुटली की त्याचं काम झालं." जन्मभर रेल्वेच्या खोलीत राहिलेल्या, स्वतःचं घर कधी न झालेल्या या माणसानं आमच्या नव्या घरात एक रात्रही काढली नाही.

त्याच संध्याकाळी मी त्यांना पोचवायला स्टेशनवर गेलो. सबंध रस्ताभर जे ओठांवर होतं ते गाडी हलल्यावर कसंबसं बाहेर पडलं. खिडकीबरोबर चालत म्हणालो, "मामा, त्या दिवशी माझं चुकलं. तुम्ही माझ्या मुली वाचवल्यात."

मामांनी कानामागं हात धरला. "काय म्हनला? ऐकू ईना, गाडीचा आवाज लई हाय," असं म्हणून ते हसले आणि गाडी निघून गेली.

मामा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. रंगाच्या आतली वाळवी ज्यांनी ऐकली, त्यांना दोन हातांवरचं माझं बोलणं ऐकू आलं नाही, यावर माझा अजूनही विश्वास बसत नाही.