बिनआढ्याचं घर

निर्मळ गावच्या आमच्या केळीच्या वाडीत मी गोल घर बांधायला काढलं, तेव्हा आईनं एकच प्रश्न विचारला, “आढं कुठं हाय त्याला?”

आढं म्हणजे छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड. झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेल्या झावळीचा क्रूस करून आई तो आढ्यात खोचायची. वर्षभर तो तिथं वाळत राहायचा आणि घरावर लक्ष ठेवायचा, असं ती मानते. पण जुनं घर वाळवीनं पोखरलं, ते उतरवावं लागलं. आता मी बांधणार होते काँक्रीटचा घुमट. त्याला आढं नाही, कोपरा नाही, खिळा ठोकायला सरळ भिंतही नाही.

“असल्या घरात मी यायची नाय. मला भावाकडं नेऊन सोड तुझ्या,” आईनं जाहीर केलं.

भाऊ नालासोपाऱ्यात चौथ्या मजल्यावर राहतो. गुणी आहे बिचारा. पण जन्मभर उठल्या उठल्या आधी केळीला पाणी लावणारी बाई गॅलरीतल्या दोन कुंड्या बघत किती दिवस तग धरणार? मला आई वाडीतच हवी होती आणि घुमटही हवा होता. हट्टीपणा आईकडूनच आलाय, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार?

ऑफिसात बसून मी आयुष्यभर लोकांच्या चौकोनी खोक्यांचे नकाशे काढले. घुमटाचं खूळ मात्र कॉलेजातलं. परदेशात कुणी भलामोठा रबरी फुगा फुगवून त्यावर काँक्रीट फवारलं आणि ते घट्ट झाल्यावर फुग्यातली हवा सोडून दिली. कुणी मातीच्या ढिगावर काँक्रीट चढवलं आणि मग दारातून माती उपसून काढली. खांब नाही, तुळई नाही, वाळवीला खायला लाकूड नाही. तरी त्यातली कितीतरी घरं पुढे पाडली गेली. लोकांना म्हणे कपाट कुठं टेकवावं कळेना! ते वाचून मला इतका राग आला होता की एक तरी घुमट बांधायचाच, असं तेव्हाच ठरवून टाकलं.

फुगा मला कोण देणार? मी मातीचा ढीग केला. माती वाडीतलीच, म्हाताऱ्या केळीची ओळ खणून काढलेली. ढीग चोपला, वर सळया आणि बारीक जाळी बांधली, काँक्रीट चढवलं. माथ्यावर उजेडासाठी परातीएवढा झरोका मोकळा ठेवला. येणारा जाणारा स्कूटर थांबवून विचारायचा, “बाय, पावाची भट्टी काढतेस काय?”

तोवर आम्ही दोघी पंपाच्या खोलीत राहत होतो. आत जाणार नाही म्हणणाऱ्या आईला बाहेरून पाणी मारायला कुणाची बंदी नव्हती. रोज सकाळी पाइप धरून ती त्या घुमटाला न्हाऊ घालायची, वर बडबड, “घर कसलं, डोंबल! पण तहान लागतेच ना मेल्याला.”

माती उपसायच्या दिवशी भाऊ गाडी घेऊन आला. आईची बॅग भरलेलीच होती. ती शेवटचं पाणी मारायला गेली आणि तिकडूनच ओरडली, “बाय गो, धाव!”

मला वाटलं, तडा गेला. मी धावत सुटले.

झरोक्यातून केळीचा पोंगा, अजून न उलगडलेलं पान, वर आला होता. कोवळा, हिरवागार, सरळ उभा. ढीग घालताना घाईत मातीतले कंद निवडायचे राहिले होते. वाडीत वाढूनही ही चूक! आणि आईनं महिनाभर त्याला इमानेइतबारे पाणी पाजलं होतं.

आईनं पाणी बंद केलं. मग म्हणाली, “आढ्यात हिरवं आपण खोचतो. यानं आपलं आपणच खोचून घेतलं.”

पोंगा मोडू नये म्हणून माती कशी काढायची, हे मग आईच सांगू लागली. भावानंही फावडं घेतलं. माती निघाली. घुमट जागचा हलला नाही. मी आनंदानं चक्क शिट्टी मारली, या वयात! सगळ्यांच्या आधी आई आत शिरली, मधोमध उभी राहिली आणि तिनं मोठ्यानं प्रार्थना म्हटली. गोल भिंतींनी तिचा आवाज असा भरभरून परत दिला की ती दचकली आणि खूश होऊन तीच प्रार्थना पुन्हा म्हणाली.

ते केळीचं रोप तिनं दाराशी लावलं. क्रूस आता झरोक्याच्या कडेला असतो.

भाऊ निघाला तेव्हा बॅग पंपाच्या खोलीतून आणली, ती आईनंच. बॅग घुमटात ठेवून आई परत बाहेर आली आणि गाडीच्या डिकीत तिनं घरातून निघालेल्या मातीचं पोतं चढवायला लावलं.

“गाडी रिकामी नको जायला,” ती भावाला म्हणाली. “तुझ्या कुंड्यांना घाल.”