चौकोनी टोकाची वायर

गुण्याभाऊंचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. गुण्या म्हणजे सुताराचं ते लोखंडी, काटकोनी हत्यार. कोपऱ्याला लावलं की कोपरा खरा की खोटा ते लगेच कळतं. भाऊंनी चाळीस वर्षं कपाटं, टेबलं आणि दारं केली, आणि त्यातला एकही कोपरा खोटा निघाला नाही. काम थांबवल्यावरही खिशात छोटा गुण्या असायचाच. लोक दुसऱ्याच्या घरी गेले की आधी ख्यालीखुशाली विचारतात, भाऊ आधी दाराची चौकट बघत. एकदा ताप अंगात घेऊन दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांच्या टेबलाला गुण्या लावून आले. टेबल दोन सूत बाहेर होतं. ताप किती होता ते मात्र त्यांना आजही सांगता येत नाही.

असा सुतासारखा सरळ माणूस लांबून बघायला बरा असतो. जवळून निभावलं ते त्यांच्या बायकोनं. कारखान्यातली माणसं तिला वहिनी म्हणायची, म्हणून सगळी गल्लीच वहिनी म्हणू लागली. खाली कारखाना, वर दोन खोल्यांचं घर. सकाळचा स्वयंपाक उरकला की वहिनी खाली यायच्या आणि तयार मालाला पॉलिश करायच्या. त्यांचा हात असा, की एका कपाटाची दोन दारं वेगवेगळ्या दिवशी केली तरी रंगात केसाचा फरक पडायचा नाही.

आता जे सांगायचं ते भाऊंनी कोणालाच कधी सांगितलं नव्हतं. रंध्याचं मोठं मशीन आणलं तेव्हा त्याच्यासोबत कानावर लावायची झाकणं आली होती. एकच जोड. तो भाऊंनी लावला, कारण मशीन ते चालवत. वहिनी सहा फुटांवर पॉलिशला बसायच्या. दुसरा जोड आणायचं राहून गेलं. आज आणू, उद्या आणू करता करता बावीस वर्षं राहून गेलं. मशीन विकलं त्या दिवशी भाऊंचे कान ठणठणीत होते आणि वहिनींना दारावरची घंटा ऐकू येत नव्हती.

वहिनींनी यावरून कधी एक शब्द काढला नाही. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं होतं. कोणी नुसतं "कान" म्हटलं तरी भाऊ विषय बदलत.

वहिनींच्या कानाला यंत्र होतं. समोरासमोर बसून बोललं की त्यांना चांगलं कळायचं. टीव्हीचा आवाज मात्र त्या यंत्रातून पत्र्यावर गारा पडाव्यात तसा यायचा. रोज संध्याकाळी सात वाजता एक रहस्यमालिका लागे. दोघं वर्षानुवर्षं ती शेजारी बसून बघत आणि खुनी कोण यावर पैज लावत. पैज बहुतेक वेळा वहिनी जिंकत. पुढे पुढे त्या अधूनमधून विचारू लागल्या, "काय म्हणाला तो?" भाऊ सांगत. मग त्या जास्त विचारू लागल्या, भाऊ तुटक सांगू लागले. आणि एका संध्याकाळी, एकाच प्रसंगात तिसऱ्यांदा विचारल्यावर, भाऊ पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "जाऊ दे गं, काही विशेष नाही."

दुसऱ्या दिवसापासून सात वाजता वहिनींना स्वयंपाकघरात काहीतरी काम निघू लागलं. भांडणतंटा काही नाही. नुसती शेजारची जागा रिकामी. वर्ष झालं. भाऊ एकटे बसून खुनी ओळखत आणि ओळखून काही मजा येत नसे. त्यांना आपल्या त्या चार शब्दांची लाज वाटत होती, पण लाज कशी बोलून दाखवायची हे काही त्यांच्या कारखान्यात शिकवलं जात नव्हतं.

लेक दुसऱ्या शहरात नोकरीला. एकदा फोनवर बोलता बोलता भाऊंच्या तोंडून निसटलं, "तुझी आई आता टीव्हीपुढे बसत नाही." लेक आईची आणि बापाचीही. आठ दिवसांत तिनं भलंमोठं खोकं पाठवून दिलं. होम थिएटर. एक काळी पेटी, दोन ठोकळे पुढे ठेवायला, दोन मागे, आणि एक लांबट ठोकळा अगदी मधोमध.

"बाबा, त्या मधल्यातून फक्त माणसांचं बोलणं येतं," लेक म्हणाली. "गाण्याबजावण्याचा गोंधळ बाकीच्यांतून. बोलणं तेवढं मोठं करता येतं. आईला कळेल. फक्त टीव्हीपासून पेटीपर्यंतची वायर त्यात नाहीये. तुमच्या टीव्हीला मागे कसली भोकं आहेत ती बघा आणि दुकानातून आणा."

एवढं सांगितल्यावर दुसरा माणूस टीव्हीचा फोटो काढून दुकानात गेला असता. भाऊंनी प्लायचा तुकडा घेतला, टीव्ही वळवला आणि मागच्या सगळ्या भोकांचा आराखडा मापासकट काढला. मग वायरचा रस्ता मोजला. टीव्हीचं कपाट त्यांनीच केलेलं, टीव्हीच्या मापाचं, त्यात पेटीला जागाच नव्हती. पेटी पलीकडच्या फळीवर जाणार. म्हणजे टीव्हीपासून सरळ खाली, भिंतीच्या तळाशी आडवं, आणि पुन्हा सरळ वर. दोन काटकोन. अंतर भरलं दोन मीटर चौऱ्याण्णव.

दुकानात काउंटरवर एक बाई होत्या, गळ्यात दोरीला चष्मा. भाऊंनी प्लायचा तुकडा पुढे ठेवला. बाईंनी तो दोन वेळा फिरवून बघितला.

"काका, चाळीस जण रोज येतात. मोजमापाचा नकाशा आणणारे तुम्ही पहिले." भाऊंना ते आवडलं.

भाऊंचा हात मात्र भिंतीवरच्या सगळ्यांत जाड वायरकडे गेला. अंगठ्याएवढी, वरून विणलेली, टोकांना सोनेरी मुलामा. लाकडात जाड ते मजबूत, मग इथंही तसंच असणार, हा हिशोब.

"ती नका घेऊ," बाई म्हणाल्या. "दिसायला नवरदेव आहे नुसती. टीव्हीतून आकडे निघतात, ते पेटीपर्यंत पोचले पाहिजेत. पोचले तर पूर्ण, नाही तर नाही. सोनेरी टोकानं आवाज काही गोड होत नाही. तुमच्यासाठी या दोन. ही तांब्याची, गोल टोकाची. आणि ही उजेडाची, हिच्यातून विजेऐवजी लाल उजेड जातो."

उजेडाच्या वायरचं टोक चौकोनी होतं. भाऊंनी खिशातून गुण्या काढला, टोकाला लावला आणि मान हलवली. चारही कोपरे खरे. तिथंच निवड झाली. बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"पाच मीटरची देऊ? जरा सैल राहील."

"माझ्या घरात सैल काही नसतं," भाऊ म्हणाले. "तीनची द्या."

"बरं. पण काका, ही वळवताना सांभाळा हं. तांब्याची कशीही वळते. हिला मुडपायची नाही."

भाऊ "हो हो" म्हणाले. खरं सांगायचं तर त्यांनी ऐकलंच नव्हतं. ते मनात पट्टीचे सांधे कापत होते. ज्याचे कान शाबूत, त्याच्याच कानात ते शिरलं नाही.

मग दोन दिवस गुण्याभाऊ सुखात होते. बंद कारखान्याचं दार उघडलं, एक लांब पट्टी तासली, तिला मधोमध वायरपुरती खाच पाडली, टोकं तिरकी कापून असे सांधे बसवले की नख फिरवलं तरी अडकू नये. वहिनी न बोलावता खाली आल्या, आणि भिंतीलगतच्या जुन्या पट्टीशी रंग जुळवून पॉलिशचा हात मारून गेल्या. भाऊंनी पट्टी भिंतीला ठोकली, वायर खाचेत बसवली आणि दोन्ही कोपऱ्यांत अंगठ्यानं दाबून दाबून चांगली काटकोनात घातली. वायर कुठं आहे हे शोधायला भिंग लागलं असतं.

साडेसहाला वहिनींना हाताला धरून सोफ्यावर आणून बसवलं. त्या पदर नीट करून बसल्या, पाहुण्यांकडे गेल्यासारख्या. भाऊंनी बटण दाबलं. पडद्यावर माणसं तोंडं हलवू लागली. आवाज शून्य.

लेकीला फोन गेला. "बाबा, वायरच्या टोकांवर बारीकशी टोपी असते. ती काढलीत का?"

टोपी काढली नव्हती. दोन्हीकडच्या दोन टोप्या निघाल्या. तरी आवाज शून्य. लेकीनं फोनवरून पेटीची सगळी बटणं तपासून घेतली, सगळं बरोबर होतं. शेवटी ती म्हणाली, "वायरच खराब असेल. उद्या बदलून आणा." सात वाजून गेले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं भाऊंना वाटलं. ते पडेल चेहऱ्यानं सोफ्याच्या टोकाला बसले. आज नाही झालं तर ही पुन्हा स्वयंपाकघरात जाईल, आणि एकदा गेली की दुसऱ्यांदा हाताला धरून आणायचा धीर आपल्याला होणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

वहिनी उठल्या. पण स्वयंपाकघराकडे नाही. त्या पेटीपाशी जाऊन खाली बसल्या आणि पेटीतून वायरचं टोक बाहेर काढून डोळ्यांपाशी नेलं.

"अहो, यातून उजेड जातो म्हणालात ना? इथं तर अंधार आहे."

भाऊंनी टीव्हीमागे डोकावून बघितलं. टीव्हीच्या भोकात लाल ठिपका लखलखत होता. म्हणजे उजेड निघतोय, पोचत नाही. मग वाटेत अडतोय कुठं?

वहिनींनी खाचेतून वायर हळूच उचलायला सुरुवात केली. पहिला कोपरा मोकळा केला, काही नाही. दुसरा कोपरा मोकळा केला, आणि त्यांच्या तळहातावर वायरच्या टोकातून एक लाल ठिपका पडला. छोटा, कुंकवाच्या टिकलीएवढा. भाऊंनी कोपऱ्यात वायर अंगठ्यानं पुन्हा दाबली. ठिपका विझला. सोडली, ठिपका आला.

"मुडपलंय ते," वहिनी म्हणाल्या. "काटकोनात वळायला उजेड म्हणजे काय तुमची पट्टी आहे?"

आता कुठं भाऊंना काउंटरवरच्या बाईंचं बोलणं ऐकू आलं. तीन दिवस उशिरा. त्यांचे कान लाल झाले.

"दुकानात सांगितलं होतं मला," ते म्हणाले. मग वहिनींच्या समोर तोंड करून, नीट कळेल असं, सावकाश म्हणाले, "मी ऐकलं नाही. मी बऱ्याचदा ऐकत नाही. तो कानाचा दुसरा जोडही मी आणायला हवा होता. बावीस वर्षं आणला नाही."

वहिनींनी वायर सोडली नाही. हातावरचा लाल ठिपका तसाच होता.

"मला वाटलं, तुमच्या लक्षातच नाही," त्या म्हणाल्या. मग वायर खाली ठेवून, "एक बशी आणा."

बशी कशाला हे भाऊंना विचारावं लागलं नाही. उपडी बशी भिंतीवर धरून वहिनींनी पेन्सिलीनं कोपऱ्यात गोलाई आखली. दुसऱ्या दिवशी भाऊंनी दोन्ही कोपऱ्यांतली पट्टी उचकटली आणि नवे दोन तुकडे कापून, कानशीनं घासून वाटोळे केले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या हातानं खोटा कोपरा केला. घासताना दोनदा हात खिशातल्या गुण्याकडे गेला आणि दोनदा परत आला. गोलाईमुळे रस्ता जरासा कमी झाला आणि पेटीमागे चार बोटं वायर जास्तीची उरली. भाऊंनी ती तशीच सैल राहू दिली.

संध्याकाळी सातला दोघं शेजारी बसले. मधल्या ठोकळ्यातून बोलणं आलं, स्वच्छ, एकेक शब्द सुटा. वहिनी आधी पुढे वाकून ऐकत होत्या. मग हळूहळू मागे टेकल्या. पडद्यावर खून झालेल्या माणसाचा भाचा रडत रडत काहीतरी सांगत होता.

"खोटं बोलतोय मेला," वहिनी म्हणाल्या. "याच्यावर माझी पैज."

भाऊ हसले. त्यांना फार, फार बरं वाटलं. ते पडद्याकडे बघतच नव्हते. वहिनींच्या चेहऱ्याकडे बघत होते, की कळतंय ना, दमत तर नाही ना. एवढ्यात फौजदार काहीतरी बोलला आणि वहिनींनी हातावर हात मारला.

"काय म्हणाला तो?" भाऊंनी विचारलं.

वहिनी वळल्या. क्षणभर त्यांनी भाऊंकडे नुसतं बघितलं, आणि ती वर्षापूर्वीची संध्याकाळ दोघांनाही एकदमच आठवली. मग त्यांनी पडद्यावरची नजर काढून, भाऊंच्या समोर तोंड करून, फौजदाराचं अख्खं वाक्य पहिल्या शब्दापासून सांगितलं.