ब्रशवाल्या काकांचा कारखाना

त्या सकाळी ब्रशवाल्या काकांचा पाय एका जागी ठरत नव्हता. अकरा वाजता एक बाई फोनच्या कॅमेऱ्यातून त्यांचा कारखाना बघणार होत्या. कारखाना म्हणजे घराखालची एक खोली, तारेला पीळ देणारं एक यंत्र आणि स्वतः काका. बत्तीस वर्षं ते बाटल्या धुण्याचे ब्रश करत आले. पूर्वी गिऱ्हाईक समोर यायचं, तार वाकवून बघायचं, केसांवरून अंगठा फिरवायचं आणि माल घेऊन जायचं. त्या गिऱ्हाइकांची दुकानं एकेक करून मिटली. मग जावयाने ब्रशांचे फोटो इंटरनेटवर चढवले. पण फोटोवर अंगठा फिरवून काय कळणार? वर्षभरात चौकशा पुष्कळ झाल्या, मागणी एकही नाही. या बाई दूरच्या एका औषध कारखान्यासाठी खरेदी करायच्या. त्यांचीही मागणी आली नाही तर खोलीला कुलूप लावायचं आणि जावयाच्या गोदामात दाराशी खुर्ची टाकून बसायचं, असं घरात ठरलं होतं.

दहापासून काका तीनदा वर गेले, तीनदा खाली आले. फोन चार्ज आहे ना, हे पाच वेळा पाहिलं.

"अहो, जिना झिजेल," काकू म्हणाल्या.

फोन आला. बाईंनी यंत्र पाहिलं, तारेची भेंडोळी पाहिली. तयार ब्रशांवरून मात्र त्यांची नजर नुसतीच सरकली.

"खराब निघालेला माल कुठे ठेवता?"

खराब ब्रशांची टोपली काकूंनी सकाळीच वर नेऊन पलंगाखाली सारली होती. खराब काही निघतच नाही, असं सांगायचं अगदी जिभेवर आलं. काकूही मागून मान हलवत होत्या.

"वर लपवलीय," काका बोलून गेले.

फोन घेऊन ते तसेच जिना चढले, गुडघ्यांवर बसले, टोपली ओढली आणि एकेक ब्रश पुढे धरत सांगत सुटले. हा टोकाशी सैल, याला एक पीळ कमी, याचे केस ओढले की हातात येतात. थांबता येईना.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "तुमच्याआधी चौघांना विचारलं. त्यांच्याकडे म्हणे खराब काही निघतच नाही. दोन डझन पाठवा. टिकले तर पुढचं बोलू. आणि पुढचा फोन मी न कळवता करेन."

काका पलंगाच्या कडेवर टेकले आणि लगेच उठले. दोन डझन. टिकले तर.

"न कळवता म्हणजे कधी?" काकूंनी विचारलं.

ते काकांना तरी कुठे ठाऊक होतं? ते खाली गेले आणि यंत्राला तार लावली. पहिला ब्रश झाला. तो त्यांना पसंत पडला नाही.