वांग्याच्या चकत्या आणि एका रात्रीचे दव

वांगी वाळवायची तर ती कोवळी आणि कमी बियांची निवडावीत. चकत्या अर्ध्या बोटाएवढ्या जाड कापाव्यात आणि लगेच मीठ-हळदीच्या पाण्यात सोडाव्यात, म्हणजे त्या काळ्या पडत नाहीत. मग निथळून, फडक्यावर एकीला एक न लागता मांडाव्यात, दुपारी उलटाव्यात आणि ऊन उतरण्यापूर्वी घरात घ्याव्यात. वर झाकण्यास सुती कापडच हवे. सुरतेत साड्यांना तोटा नाही, परंतु त्या बहुतेक पॉलिएस्टरच्या. त्यांखाली ओल कोंडते. इथल्या उधना भागात आमच्या गच्चीला लागूनच कापड विणणाऱ्या लूमचे कारखाने आहेत आणि धाग्यांचा बारीक तूस दिवसभर उडतो. म्हणून मी सासूबाईंच्या जुन्या सुती नऊवारीचे दोन तुकडे खास या कामासाठी राखून ठेवले होते.

ही सारी पद्धत मीच आमच्या शेजारणीला शिकवली. ती बुलढाण्याकडची, घरी बसून साड्यांचे धागे कापण्याचे काम करायची. चकत्यांना ती ‘खुला’ म्हणे. शिकवताना मी तिला दोनदा सुरी धरून दाखवली, तरी तिची एक खूल पापडासारखी पातळ आणि दुसरी पुरीसारखी जाड. मी शाळेत शिक्षिका; तिच्या चकत्या पाहिल्या की हातात लाल पेन नसल्याची मला खंत वाटे.

त्या वर्षी उन्हाळ्यात तिने आमच्याकडे वाळवलेल्या खुलांच्या भाजीची वाटी पाठवली. दाण्याचे कूट घातलेला दाट रस्सा होता. सासूबाईंचे जेवण तेव्हा अर्ध्या भाकरीवर आले होते. त्या दिवशी त्यांनी दीड भाकरी खाल्ली आणि वाटी बोटाने पुसली. माझ्या भाजीची वाटी त्यांनी कधी पुसली नव्हती. लग्नाला वीस वर्षे झाली होती आणि मी ते नेमके लक्षात ठेवले.

पुढच्या माघात मी गच्चीवर चकत्या मांडत असताना सासूबाई पायरीवर येऊन बसल्या आणि आपल्या खानदेशी अहिराणीत म्हणाल्या,

“वांगास्ले बी शाळा शिकाडी राहिनी का तू? कशी रांगमा बसाडेल शेतस!”

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

“औंदा आपला वांगा तिलेच वाळाडू दे. तू राहू दे. तुन्या चकत्या दिखतस चांगल्या, पन तोंडमा काही येत नही.”

आमच्यासाठी आणलेली बाकीची वांगी त्यांनी स्वतः शेजारणीच्या दारात नेऊन ठेवली. मी माझ्यापुरती वेगळी विकत आणली. गच्चीवर आता दोन फडकी पसरली: एकावर माझ्या चकत्या, दुसऱ्यावर, चार हात अंतरावर, तिच्या. माझ्या घरच्यांनी काय खावे हे त्या दुसऱ्या फडक्यावर ठरणार होते, आणि ते मला सहन होत नव्हते.

तिसऱ्या दिवशी शेजारीण धागे कापून झालेल्या साड्यांचे गाठोडे पोचवायला निघाली. “ताई, मी कडोदऱ्याले चालली. मले यायले उशीर झाला त माह्या खुला बी घेऊन घ्याल ना जी?”

“घेईन की,” मी म्हणाले.

ऊन उतरले तेव्हा मी गच्चीवर गेले. माझ्या चकत्या गोळा केल्या, परातीत भरल्या. तिच्या फडक्याजवळ उभी राहिले. एक खूल उचलून दाबली. कडेला वाळली होती, मधे अजून मऊ होती. अशा खुलांना एका रात्रीचे दव पुरते, हे मी वर्गात कोणतीही गोष्ट सांगावी इतक्या खात्रीने सांगू शकले असते. मी ती खूल जागच्या जागी ठेवली आणि जिना उतरले. विसरले नव्हते. हे इथे स्पष्ट लिहिलेले बरे.

ती उशिरा आली आणि मी खुला घेतल्या असतील, असे समजून घरात गेली. सकाळी त्या काळपट आणि चिकट झाल्या होत्या. काहींना वासही येत होता.

“विसरल्या वाटते ताई?”

“हो गं. वह्या तपासायला बसले आणि…”

“होते जी. एवढी पोरं डोक्यात असतात तुमच्या.” तिने सारे फडके गच्चीच्या कोपऱ्यातल्या बादलीत झटकले. मग हळूच म्हणाली, “आजीले काय सांगू आता? मोठ्या भरोशानं देल्ली होती वांगी.”

तिचा चेहरा पाहून मी माझ्या अर्ध्या चकत्या तिला दिल्या. त्यात पश्चात्ताप किती आणि चोरी झाकण्याची घाई किती, हे मला आजही अचूक वेगळे करता येत नाही.

वैशाखात तिने त्या चकत्यांचीच भाजी केली आणि पातेले आमच्या घरी आणले. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मी थांबले होते. एका जाडीच्या, निर्मळ, माझ्या चकत्या त्यांच्या तोंडात होत्या.

“देख, याले म्हनतस भाजी,” त्या मला म्हणाल्या.

शेजारीण घाईने म्हणाली, “आजी, खुला ताईच्याच हायेत जी. माह्यावाल्या खराब झाल्या होत्या.”

सासूबाईंनी दुसरा घास मोडला आणि तिच्याकडे पाहिले. “असतीन. हात तं तुनाच शे ना.”

तेव्हा मला कळले की मी गच्चीवर भलतीच गोष्ट नासवली. त्यांची दुसरी भाकरी मीच वाढली.

जाताना शेजारीण दारात थांबली. “ताई, तुम्ही मले वाळवायचं शिकवलं. उद्या या, मी तुम्हाले ही भाजी दाखवते. लय सोपी हाय.”

“उद्या जमणार नाही गं,” मी म्हणाले. “शाळेचे काम आहे.”

शाळेला सुट्टी लागून आठवडा झाला होता.